रोगराई, सोवळं आणि समूह : एका सिद्धान्ताची झडती

काही समाजांत माणूस आधी घराण्याचा, गावाचा, जातीचा असतो आणि उरलासुरला स्वतःचा. काही समाजांत हा क्रम नेमका उलटा दिसतो. हा फरक कुठून आला याचं उत्तर कुणी धर्मात शोधलं, कुणी शेतीत, कुणी भांडवलशाहीत. २००८ साली ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी’मध्ये कोरी फिंचर, रँडी थॉर्नहिल, डेमियन मरे आणि मार्क शॅलर या चौघांनी बोट दाखवलं ते जंतूंकडे. ज्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या हिवताप, क्षय, कुष्ठरोग, हत्तीरोग ठाण मांडून होते, तिथली माणसं आपल्या लोकांना घट्ट धरून राहिली आणि परक्यांना बिचकू लागली. जिथे थंडीने जंतूंना आवर घातला, तिथे व्यक्तीला मोकळं सुटणं परवडलं, असा या मांडणीचा गाभा. पुढे २०१४ साली थॉर्नहिल आणि फिंचर यांनी तिचा जाडजूड ग्रंथ केला आणि नातेवाइकांची ओढ, धार्मिकता, हुकूमशाही, यादवी युद्धं असं बरंच काही त्या एकाच सुतात ओवलं. एका कारणाने इतकं सगळं उलगडू लागलं की वाचकाने थोडं सावध व्हावं हे खरं. पण ही मांडणी हसण्यावारी न्यावी अशीही नाही. तिचा एक भाग पक्क्या पुराव्यावर उभा आहे. घोटाळा होतो तो त्या भागाच्या जोरावर सबंध संस्कृतींचा निवाडा करायला घेतल्यावर, आणि तो घोटाळा भारताच्या उदाहरणावर जितका उघडा पडतो तितका क्वचितच दुसरीकडे पडत असेल.

तर्क असा आहे. जंतू आणि माणसाचं शरीर यांच्यात सतत चढाओढ चालू असते आणि ती स्थानिक असते. या खोऱ्यातल्या लोकांची प्रतिकारशक्ती या खोऱ्यातल्या जंतूंशी झगडून तयार झालेली असते, डोंगरापलीकडच्या जंतूंशी नव्हे. त्यामुळे परका माणूस म्हणजे अनोळखी जंतूंची शक्यता. आणि रोज अंघोळ कशी करायची, पाणी कुठून भरायचं, काय शिजवायचं, कुणाच्या हातचं खायचं याचे गावात रुळलेले नियम म्हणजे पूर्वजांनी अनुभवातून गोळा केलेला प्रतिबंधक उपाय. जंतूंचं ज्ञान नसलेल्या काळात नियम का आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून तो प्रश्न न विचारता पाळणं शहाणपणाचं. म्हणजे परक्यांपासून अंतर, रूढीशी निष्ठा आणि नियम मोडणाऱ्याला शिक्षा या तिन्ही गोष्टी, ज्यांना समाजशास्त्रज्ञ एकत्रितपणे समूहवाद म्हणतात, त्या रोगराईच्या मुलखात फायद्याच्या ठरतात. हे तपासायला चौघांनी विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या जुन्या रोगनकाशांवरून प्रत्येक देशाचा रोगभार ठरवला आणि तो व्यक्तिवादाच्या प्रचलित मोजमापांशी ताडून पाहिला. सहसंबंध निघाला उणे ०.६ ते ०.७ च्या घरात. समाजशास्त्रात असे आकडे रोज सापडत नाहीत.

या मांडणीचा पक्का भाग व्यक्तीच्या मनाशी संबंधित आहे. शॅलर यांनी त्याला वर्तनात्मक प्रतिकारयंत्रणा असं म्हटलं. जंतू शरीरात शिरल्यावर लढणं खर्चीक, तेव्हा तो शिरूच नये म्हणून मनाने आधीच शिसारी, संशय आणि अंतर यांची व्यवस्था केली, असा त्याचा अर्थ. २०१० साली त्यांच्या गटाने दाखवलं की फोड आलेल्या, शिंकणाऱ्या, खोकणाऱ्या माणसांची छायाचित्रं नुसती पाहिली तरी पाहणाऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंच्या चाहुलीला अधिक जोमाने प्रतिसाद देतात. रोखलेल्या बंदुकीची छायाचित्रं पाहून तसं होत नाही. त्याआधी २००४ साली कॅनडात, रोगजंतूंची चित्रं पाहिलेल्या विद्यार्थ्यांनी अपघातांची चित्रं पाहिलेल्यांपेक्षा ओळखीच्या वाटणाऱ्या देशांतल्या स्थलांतरितांना अधिक झुकतं माप दिलं होतं. रोगाची आठवण जागी केली की माणसं चारचौघांसारखं वागण्याकडे कलतात, असेही प्रयोग आहेत. पण इथेच एक बारकावा सुटता कामा नये. जोशुआ टायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली तीस देशांत एकाच पद्धतीने पाहणी केली, तेव्हा रोगभार आणि किळस यांचं नातं परंपरानिष्ठेशी जुळलं. इतर गटांवर वर्चस्व गाजवण्याच्या इच्छेशी जुळलं नाही. म्हणजे रोगाची भीती माणसाला रूढीकडे ढकलते, पण परक्याला तुच्छ लेखायला ती शिकवते असं म्हणायला हा पुरावा अपुरा पडतो. एलिझाबेथ कॅशडन आणि मॅथ्यू स्टील यांनी औद्योगिकपूर्व समाजांच्या नोंदी तपासून जवळपास हेच सांगितलं: जंतू जास्त तिथे मुलांना आज्ञाधारकपणा जास्त शिकवला जातो, परकीयांचा द्वेष मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. सिद्धान्ताचे दोन पाय मानले तर त्यातला एक इथेच लंगडा होतो.

परक्यांविषयीच्या भागाला जीवशास्त्रातूनही अडचण आहे. अनोळखी जंतू जास्त घातक, हे अमेरिका खंडात देवीच्या साथीने ज्या भीषण रीतीने दाखवून दिलं त्यावरून सर्वसाधारण नियमासारखं वाटतं. पण ती महासागराने हजारो वर्षं तोडलेल्या दोन जगांची गाठ होती. शेजारच्या दोन खोऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे जंतू आपापल्या यजमानाशी जुळवून घेत असल्यामुळे, घरचा जंतूच घरच्या माणसाला अधिक चांगला गाठतो, असं अनेकदा आढळतं. मग दूरच्या पाहुण्यापेक्षा आपल्याच भावकीची पंगत जास्त धोक्याची म्हणायला हवी.

आता देशादेशांच्या तुलनेकडे. १८८८ मध्ये लंडनच्या मानवशास्त्र संस्थेत एडवर्ड टायलर यांनी जगभरच्या समाजांच्या विवाहप्रथांचा तक्ता मांडला, तेव्हा फ्रान्सिस गाल्टन यांनी विचारलं की यातले कितीजण स्वतंत्र आहेत आणि कितीजणांनी एकमेकांकडून उचललंय? स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क हे तीन पुरावे मानायचे की एक? शेजारी देशांचं हवामान सारखं, जंतू सारखे, धर्म आणि इतिहासही बराचसा सारखा. त्यांना सुटंसुटं मोजलं की कोणतेही दोन रकाने एकमेकांशी जुळलेले दिसू लागतात. याचं मासलेवाईक उदाहरण मसाल्यांचं आहे. उष्ण देशांत तिखट-मसालेदार खातात कारण मसाले जंतू मारतात, ही कल्पना १९९८ पासून लोकप्रिय होती. २०२१ साली लिंडेल ब्रोमहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तर पाकपरंपरांतल्या ३३,७५० पाककृती घेऊन देशांचं शेजारपण आणि सांस्कृतिक नातं हिशेबात धरलं, तर जंतूंचं स्पष्टीकरण टिकलं नाही. उलट मसाल्यांचा वापर रस्त्यावरच्या अपघाती मृत्यूंशीही छान जुळत होता. मसाल्यांचा जास्त वापर गरिबीशी जोडलेला आहे, आणि गरीब देशांत माणसं रस्त्यावरही जास्त मरतात. एवढ्यावरच तो सहसंबंध उभा होता.

समूहवादाच्या आकड्यांनाही हीच शंका लागू पडते, आणि त्यात मोजमापाचा कच्चेपणा मिसळतो. व्यक्तिवादाचा सर्वाधिक वापरला गेलेला निर्देशांक गीर्त होफस्टेडे यांचा. तो आयबीएम या एकाच कंपनीच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या, १९६७ ते १९७३ दरम्यानच्या प्रश्नावल्यांवरून काढलेला. त्या मूळ यादीत अमेरिकेला ९१, ग्वाटेमालाला ६, भारताला ४८, जपानला ४६ आणि पाकिस्तानला १४ गुण आहेत. भारत जपानपेक्षा किंचित अधिक व्यक्तिवादी आणि पाकिस्तानच्या तिपटीहून पुढे! त्या कर्मचाऱ्यांच्या जन्माच्या वेळी दोन्ही देश बहुतेक एकच होते, पंजाबच्या डासांनी तर रॅडक्लिफची रेषा पाहिलेलीच नव्हती. एवढी तफावत जंतू सांगू शकत नाहीत; एकतर ती मोजणाऱ्याच्या पट्टीतून आली असावी किंवा दोन राज्यसंस्थांच्या वेगळ्या वाटचालीतून. सिद्धान्ताचे समर्थक म्हणतात की एखाद-दुसरी जोडी अपवाद ठरली तरी सरासरी कल खोटा ठरत नाही. तत्त्वतः ते बरोबर आहे. पण ज्या जोड्यांत हवामान आणि जंतू सारखे व इतिहास वेगळा असतो, त्याच जोड्या कारण कोणतं हे सांगू शकतात, आणि तिथेच सिद्धान्त गप्प बसतो हे नजरेआड करण्यासारखं नाही.

राज्यसंस्थेचा मुद्दा अधिक खोलात जाण्यासारखा आहे. डॅनियल ह्रुश्का आणि जोसेफ हेन्रिक यांनी २०१३ साली दाखवलं की सरकारी कारभाराची कार्यक्षमता हिशेबात घेतली की ‘आपल्यांना’ प्राधान्य देण्यावरचा रोगभाराचा प्रभाव बराच विरतो. जिथे पोलीस, न्यायालय, सरकारी दवाखाना आणि पेन्शन यांच्यावर भरवसा नाही, तिथे म्हातारपणी, आजारपणात, भांडणात भावकीच धावून येते. तिला धरून राहणं हा हिशेबी निर्णय असतो, त्याला किळसेची गरज नाही. त्यात असंही आहे की ज्या देशांत कारभार ढिसाळ, तिथे गटारं उघडी आणि लसीकरण अपुरं, म्हणून रोगही जास्त. दोन्ही एकाच कारणाचे परिणाम असतील तर एकातून दुसरा निघाला असं म्हणण्यात अर्थ नाही. पश्चिम युरोपच्या व्यक्तिवादाचं जे स्पष्टीकरण सध्या सर्वांत भक्कम वाटतं, तेही संस्थेचंच आहे. जोनाथन शुल्झ, हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ‘सायन्स’मध्ये मांडलं की मध्ययुगीन रोमन चर्चने चुलत-मामेभावंडांची लग्नं, दत्तकविधान, भावाच्या विधवेशी विवाह यांवर शतकानुशतकं बंदी लादून भाऊबंदकीचं जाळंच विसकटून टाकलं, आणि जिथे ही बंदी जास्त काळ चालली तिथे आज परक्यांवरचा विश्वास अधिक आहे. युरोप त्या काळात जंतूमुक्त होता असं कुणी म्हणू धजणार नाही. १३४७ ते १३५१ या चार-पाच वर्षांत प्लेगने त्या खंडाची किमान तिसरा हिस्सा माणसं नेली आणि पुढची तीनशे वर्षं तो परत परत येत राहिला. तरी व्यक्तिवाद रुजला तो तिथेच. यावर समर्थकांचं उत्तर असं की एकदम येऊन जाणारी साथ आणि कायमचा मुक्काम ठोकणारा परजीवी यांत फरक केला पाहिजे, आणि युरोपात दुसऱ्या प्रकारचे रोग कमी होते. हे उत्तर मान्य करायला हरकत नाही, पण मग कोरोनासारख्या साथीच्या काळातल्या वर्तनाचे दाखले सिद्धान्ताच्या बाजूने देता येणार नाहीत, आणि ते तर सर्रास दिले गेले.

कोरोनाचे दाखले तपासले तर एक आणखी गोंधळ सुटतो. मिशेल गेलफंड यांच्या गटाने ५७ देशांची तुलना करून २०२१ साली सांगितलं की जिथे सामाजिक नियम कडक पाळले जातात त्या देशांपेक्षा सैल देशांत रुग्ण सुमारे पाचपट आणि मृत्यू आठपटीहून अधिक होते; आकडे ऑक्टोबर २०२० पर्यंतचे. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात समूहवादी प्रदेशांत मास्कचा वापर जास्त आढळला. आता समूहवाद हे जंतूंविरुद्धचं चिलखत असेल आणि ते चांगलं काम करत असेल, तर चिलखत घातलेल्यांच्या अंगावर जखमा कमी दिसायला हव्यात. मूळ सिद्धान्ताचा पुरावा मात्र हाच आहे की समूहवादी देशांत रोग जास्त आहे. जुने रोगनकाशे कारण दाखवतात आणि आजचे आकडे परिणाम, असं म्हणून हा पेच सोडवता येतो; पण तो सोडवताना हेही कबूल करावं लागतं की ‘समूहवाद’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या, कधी कधी विरोधी गोष्टी कोंबल्या आहेत. सार्वजनिक नियम सर्वांसाठी पाळणं ही एक. आपल्या रक्ताच्या, जातीच्या माणसांपुरतं बघणं ही दुसरी. तैवानमध्ये मेट्रोत अनोळखी माणसांसाठी मास्क लावणारा पहिल्या अर्थाने समूहवादी. सरकारी माणसाला न कळवता घरातला रुग्ण लपवणारा दुसऱ्या अर्थाने. साथीत पहिली वृत्ती तारते आणि दुसरी मारते.

भारताच्या संदर्भात हा सिद्धान्त २००८ पेक्षा जुना आहे. इतिहासकार विल्यम मॅकनील यांनी १९७६ च्या ‘प्लेग्ज अँड पीपल्स’ या पुस्तकात सुचवलं होतं की भारतीय जातिव्यवस्थेतले स्पर्शाचे निर्बंध, जंगलातल्या लोकांच्या अपरिचित रोगांची भीती यातून निघाले असतील. कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत आपल्याकडेही सोवळं म्हणजे पूर्वजांचं आरोग्यशास्त्र होतं, असा सूर बराच ऐकू आला. तेव्हा याची तपासणी करणं भाग आहे, आणि सुदैवाने तपासायला सामग्री आहे. प्रिया मूरजानी, डेव्हिड राइश, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेचे के. थंगराज आणि लालजी सिंग यांच्या २०१३ सालच्या आनुवंशिक अभ्यासात दिसलं की उपखंडातल्या दोन प्राचीन लोकसमूहांचा संकर साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात मोठ्या प्रमाणावर, अगदी आज अलग राहणाऱ्या गटांतही, झाला आणि त्यानंतर गटांनी आपापसांतच लग्नं करायला सुरुवात केली. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षं माणसं मिसळत होती. जंतू तेव्हाही होते. गंगेच्या खोऱ्यात दाट वस्तीची नगरं उभी राहिल्यावरही काही शतकं हे मिसळणं चालूच होतं. रोगभार स्थिर किंवा चढता, आणि भिंती मात्र एका विशिष्ट काळात उभ्या राहिल्या. तेव्हा भिंतींचं कारण त्या काळातल्या सत्ता, जमीन आणि धर्मशास्त्र यांच्या इतिहासातच शोधावं लागतं. डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली जातीचं सार सजातीय विवाहात आहे असं सांगितलं, आणि १९४८ च्या अस्पृश्यतेवरील ग्रंथात अशुद्ध असणं आणि अस्पृश्य असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचा काळही वेगळा आहे, असा आग्रह धरला. आनुवंशिकीचा पुरावा त्यांच्या तपशीलवार कालगणनेवर शिक्कामोर्तब करत नाही. पण विवाहाची बंदी ही व्यवस्थेची कळ आहे आणि ती इतिहासात कधीतरी फिरवली गेली, ही त्यांची दृष्टी बरोबर ठरवतो.

स्पर्शाचे नियम जंतूंच्या वाटा अडवत होते का, हे पाहायला महाडइतकी चांगली जागा नाही. चवदार तळ्यावर गुरं पाणी प्यायची, मुसलमान आणि ख्रिस्ती भरायचे. बंदी होती ती फक्त अस्पृश्यांना. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तिथलं पाणी प्यायले, त्यानंतर सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ केलं ते १०८ घागरी पाणी उपसून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घालून मंत्र म्हणत. पिण्याच्या पाण्यात शेण कालवणारी कृती पटकीपासून बचाव करण्यासाठी जन्माला आली असं म्हणायला बरंच धाडस लागेल. विटाळाच्या हिशेबात सुईण अस्पृश्य, पण बाळंतपणाच्या सगळ्यांत नाजूक घटकेला तिचाच हात लागायचा. चामड्याचं काम करणारा दूर, पण त्याने शिवलेल्या मोटेतून विहिरीचं पाणी मळ्यात जायचं. जिथे श्रम हवे होते तिथे नियमाला वाट ठेवलेली होती, आणि ती वाट नेमकी जंतूंची होती. समर्थक इथे म्हणतात की मनाची ही यंत्रणा धूर दिसताच वाजणाऱ्या घंटेसारखी असते, खोटी घंटा वाजली तरी तोटा थोडा, खरी आग सुटली तर सर्वनाश. म्हणून तिने चुका कराव्यात हेच अपेक्षित. व्यक्तीच्या क्षणिक शिसारीबद्दल हे पटतं. पण महाडच्या तळ्यावरची घंटा कधीही गुरांसाठी वाजली नाही आणि ठरावीक माणसांसाठी प्रत्येक वेळी वाजली. इतकी शिस्तबद्ध चूक करणाऱ्या यंत्रणेला प्रतिकारयंत्रणा म्हणणं म्हणजे सिद्धान्त कोणत्याही पुराव्याने खोटा ठरू नये अशी तजवीज करणं आहे.

विवाहाच्या नियमांतूनही हेच निघतं. याच संशोधकांच्या वर्तुळातून २०१० साली असा दावा आला की जिथे परजीवी जास्त तिथे रक्ताच्या नात्यात लग्नं जास्त, कारण स्थानिक प्रतिकारशक्ती घरातच राखली जाते. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’मध्ये दाखवलेला नकाशा समोर ठेवा. उत्तरेत नात्यात लग्न वर्ज्य, बहुतेकदा गावातही वर्ज्य. मुलगी दूरच्या, अनोळखी गावी द्यायची. दक्षिणेत मामा-भाची, आते-मामे भावंडं यांची लग्नं पसंतीची. मधल्या महाराष्ट्रात मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा चालत नाही. पटकीचं माहेर समजल्या जाणाऱ्या, हिवतापाने गांजलेल्या गंगेच्या मैदानात लोकांनी आपल्या लेकी परक्या गावांत पाठवाव्यात आणि आरोग्याच्या मोजमापांत आज पुढे असलेल्या तमिळनाडूत नात्यातली लग्नं टिकून राहावीत, हे सिद्धान्ताच्या अगदी उलट आहे. कर्वेंच्या नकाशातल्या रेषा भाषाकुलांच्या आणि जमिनीच्या वारशाच्या इतिहासाशी जितक्या जुळतात तितक्या डासांशी जुळत नाहीत.

प्रत्यक्ष साथीत लोक काय करतात, याच्या नोंदी तर आपल्याकडे भरपूर आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये गोव्यातून आलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला, आणि पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मं शहर गावाकडे पळालं. १८९७ चा साथरोग कायदा, झडत्या, सक्तीची इस्पितळं, आर्थर रोड इस्पितळावर गिरणी कामगारांनी केलेला हल्ला, २२ जून १८९७ चा पुण्यातला प्लेग अधिकारी रँडवरचा खुनी हल्ला: या सगळ्यांत परका मानला गेला तो गोरा अधिकारी, आणि त्याच्यामागे जंतूंपेक्षा अब्रू आणि राज्य यांचा प्रश्न होता. जातीजमातींनी आपापली स्वतंत्र प्लेग-इस्पितळं उभारली, पुण्यात टिळकांनी हिंदूंसाठी इस्पितळ चालवायला मदत केली. रोगाने लोकांना आपल्या समूहाकडे ढकललं, याचा हा पुरावा म्हणता येईल. पण त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले, दत्तक मुलगा यशवंतरावांच्या दवाखान्यात कोणत्याही जातीच्या रुग्णाची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. मरीआईचा गाडा आपल्या शिवेबाहेर ओढून शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडणारी खेडी एका बाजूला; आणि पटकीचा धोका माहीत असूनही दर आषाढीला पंढरपूरला जमणारे लाखो लोक दुसऱ्या बाजूला. त्या वारीतही जातीच्या पंगती वेगळ्या, आणि विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. पटकी पसरायची ती पाण्यातून, बंदी होती ती दाराशी.

इतिहासकार सॅम्युएल कोन यांनी प्राचीन अथेन्सपासून एड्सपर्यंतच्या साथी तपासून म्हटलं आहे की द्वेषाचे उद्रेक नियम नसून अपवाद आहेत; बहुतेक साथींनी माणसांना एकमेकांच्या मदतीला धावायला लावलं. अपवादांतही रोग एकटा काही ठरवत नाही. निको फोइग्टलेंडर आणि हान्स-योआखिम फोट यांच्या २०१२ सालच्या अभ्यासाप्रमाणे, प्लेग जर्मनीत सर्वदूर असताना १३४९ च्या सुमारास काही गावांनी ज्यूंची कत्तल केली, काहींनी केली नाही. आणि ज्यांनी केली त्यांच्यातच सहाशे वर्षांनी, १९२० आणि १९३० च्या दशकांत, ज्यूद्वेष अधिक आढळला. मात्र दूरच्या व्यापारावर जगणाऱ्या हॅन्सा संघातल्या शहरांत तो वारसा टिकला नाही. जंतू तेच, परक्यांशी येणारा संबंध तर तिथे कितीतरी जास्त, तरी द्वेष विरला. पोटापाण्यासाठी परका रोज लागत असेल तर त्याची भीती बाळगणं परवडत नाही.

उलट दिशेचा परिणाम मात्र जळजळीत आहे आणि सिद्धान्ताच्या चर्चेत त्याला जागाच नाही. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, मुंबईतल्या तथाकथित खालच्या जातींच्या हिंदूंमध्ये हजारी ६१.६ माणसं मेली, युरोपियनांमध्ये ८.३. शहर एक, विषाणू एक. चाळीतली खोली, उपासमार आणि औषधपाण्याची पोहोच वेगळी. समूहांच्या भिंती रोगभार वाटत होत्या. मग रोगभार मोजून त्यातून भिंतींचं कारण काढणारा अभ्यास स्वतःच्याच शेपटीला धरतो.

यावर समर्थकांचं शेवटचं आणि सगळ्यांत वजनदार उत्तर काळाचं आहे: संस्कृती सावकाश बदलते, रोग कमी झाल्याचा परिणाम पिढ्यांनी दिसतो. गंमत अशी की थॉर्नहिल, फिंचर आणि देवराज आरन यांनी २००९ साली नेमकं उलटं म्हटलं होतं. १९४० च्या दशकातली प्रतिजैविकं, लसी आणि स्वच्छ पाणी यांमुळे जंतूंच्या भयातून सुटलेली पिढी वयात आली, तेव्हा १९६० च्या दशकात पश्चिमेत लैंगिक मोकळीक आणि नागरी हक्कांच्या चळवळी फुलल्या, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे एक पिढी पुरते. मग भारताकडे पाहावं. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला अंदाजे ७.५ कोटी लोकांना हिवताप व्हायचा. १९५३ नंतरच्या नियंत्रण मोहिमेने १९६५ पर्यंत तो आकडा लाखभरावर आला. पुढे तो पुन्हा उसळला, पण जुन्या पातळीला कधी गेला नाही. देवी १९७५ मध्ये संपली. सरासरी आयुर्मान बत्तिशीच्या आसपास होतं, ते सत्तरीला पोचलं. तीन पिढ्या उलटल्यावरही आंतरजातीय विवाहांचं प्रमाण देशात सुमारे ५ टक्के आहे. पश्चिमेला एक पिढी पुरली आणि इथे तीनही पुरल्या नाहीत, हे दोन्ही एकाच नियमाने सिद्ध होऊ शकत नाही.

रोग हटल्याने भारतीय घरात काहीच बदललं नाही असं मात्र नाही. मुलं जगू लागली, म्हणून कमी मुलं होऊ द्यायची हिंमत आली. महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत एका स्त्रीमागे सरासरी १.७ अपत्यं आढळली. ज्या घरात सहा भावंडं होती तिथे दोन आहेत, म्हणून काका, आत्या, मावश्यांची फौज आपोआप आटली आहे, आणि मुलीला शिकवणं परवडू लागलं आहे. यात शिक्षण, शहरं, गर्भनिरोधकं यांचाही वाटा आहेच. पण परक्याच्या किळसेला बाजूला ठेवून बालमृत्यू, अपत्यसंख्या आणि भावकीचा आकार हा धागा जिल्ह्याजिल्ह्यांतून तपासला, तर जंतूंनी समाज कसा घडवला याबद्दल देशांच्या सरासऱ्यांपेक्षा जास्त हाती लागेल.